रडकीला मामा नव्हता

आमची जमीन उतारावरची. नवापूरच्या पुढे, गुजरातची हद्द जिथे डोंगरातूनच जाते, तिथे. पावसावर भात आणि नागली व्हायची आणि ती दिवाळीपुढे पुरायची नाही. म्हणून दिवाळी झाली की आमचं घर तीन ठिकाणी वाटलं जायचं. वडील ऊसतोडीला सुरतेकडे, आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, आणि आम्ही दोघी बहिणी आश्रमशाळेत. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथे लाल मिरची वाळत घालतात. मग बायका रांगेने बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात आणि रंग उडालेली फटकी मिरची बाजूला काढतात. मैदानाच्या कडेला ताडपत्रीची खोपटी असतात. होळीपर्यंत आईचं घर तेच.

सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. तिच्या कुशीत झोपायचो, पण ती आमच्या तोंडावरून हात फिरवायची नाही. बोटांत मिरची इतकी मुरलेली असायची की कितीही राख लावून धुतले तरी हात लागेल तिथे आग व्हायची. धाकटीचे केस विंचरायचे तर ते काम मी करायचे. आई समोर बसून सांगायची, भांग इकडून काढ.

मराठी मी शाळेत शिकले. घरी आमची बोली, पथारीवर निम्म्या बायकांची अहिराणी, आणि 'आहे', 'नाही' असं स्वच्छ बोलणारी माणसं फक्त शाळेत आणि तहसील कचेरीत. तरी मला मराठी आवडली. दहावी झाले, बारावी झाले, नंदुरबारला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. केलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मिरवत नाही म्हटलं तर खोटं होईल. मिरवतेच.

मग एम.ए.ला नाव घातलं, मराठी विषय घेऊन. वडिलांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "दोन वर्षं. मग धाकटीची पाळी. दोघींचं एका वेळी ओढणार नाही." धाकटीला नर्सिंगला जायचं होतं. म्हणजे माझं एक वर्ष जरी फुकट गेलं असतं तर ते तिचं गेलं असतं. ती बारावीच्या वह्यांच्या मागच्या पानावर आपलं नाव लिहायची आणि त्यापुढे 'सिस्टर'. मी ते पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा असतो. मला विषय मिळाला सुरुवातीच्या भावुक कादंबऱ्यांतल्या असहाय तरुण मुलींचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टी. एक पोरकी, देखणी, गरीब स्वभावाची मुलगी, एक श्रीमंत तरुण, एक खोटं वचन, मग दारं बंद, मग खोकला, मग मरण. त्यातलं एक पुस्तक मी घेतलं, त्याचं नाव इथे लिहीत नाही. तसली पुस्तकं एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी आहेत. एकीला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

मी काय केलं, तर पहिली चाळीस पानं वाचली आणि उरलेलं गाइडांतून घेतलं. 'सोशीक', 'अबला', 'अश्रूंची मूर्ती', 'तत्कालीन समाजाचा आरसा' असे शब्द पेरत पन्नास पानं भरली. मार्गदर्शक मॅडमनी ती पंधरा मिनिटांत चाळली.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. "यातलं तुझं वाक्य कुठलं?"

मी पानं उलटून शोधू लागले.

"या मुलीची तुला कीव येते की राग येतो?"

"कीव येते, मॅडम."

"हे पण गाइडमध्येच आहे." त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवले. "पुस्तक पूर्ण वाच. होळीच्या आधी नवीन लिहून आण. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली, असं नाही. गरिबीचं कारण पुढे करून मला पास व्हायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात आईच्या उजव्या हाताचं बोट पिकलं. मिरचीची चीर खोल गेली होती. दवाखान्यात छेद दिला, पट्टी बांधली, महिनाभर हात कोरडा ठेवा म्हणाले. पथारीवर जागा धरून ठेवायची तर कोणीतरी बसायला हवं. नाही तर खोपटंही जातं. मी सकाळचे तास करायचे आणि अकरानंतर जाऊन आईच्या जागेवर बसायचे. तोंडाला ओढणी, हाताला मोहाचं तेल, पुढे मिरचीचा ढीग. आई शेजारी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला काही काम नव्हतं आणि ती त्याने वैतागली होती.

"ते पुस्तक पिशवीतच ठेवायला आणतेस का?" ती तिसऱ्या दिवशी म्हणाली.

"हातांनी देठ खुडू की पानं उलटू? आणि मॅडमच्या कार्डावर आणलंय. डाग पडला तर माझी धडगत नाही."

"माझा डावा हात धड आहे ना."

तिने लुगड्याला हात पुसला, पालथ्या घमेल्यावर पुस्तक ठेवलं, वर दगड ठेवला. मी वाचायचे, पान संपलं की मान हलवायचे, आई डाव्या हाताने पान उलटायची. दोन दिवसांत मान हलवायचीही गरज राहिली नाही. माझी नजर खालच्या ओळीवर पोचली की तिचं बोट पानाच्या कोपऱ्याखाली गेलेलं असायचं. आईला अक्षर येत नाही. पण पान कधी संपतं ते तिला माझ्या तोंडावरून कळायचं.

मनातल्या मनात वाचलं तर तिला काय कळणार, म्हणून मोठ्याने वाचू लागले. एक परिच्छेद पुस्तकातला, मग तोच आमच्या बोलीत. शेजारच्या रांगेतल्या बायका सरकत सरकत जवळ आल्या. देखरेख करणारी बाई शहरातली, अहिराणी बोलणारी, आवाज असा की ट्रकवाल्यानेही वळून पाहावं. ती येऊन उभी राहिली.

"आठे शाळा भरी ऱ्हायनी का?"

"काम चालू आहे ना, काकू," मी म्हटलं. "हात बघा आमचे."

तिने हात बघितले. ढीग बघितला. मग म्हणाली, "जोरमा वाच मंग. ते तठला बायकासले आयकू येत नई." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं स्टूल आमच्या बाजूला घेऊन बसली.

नायिका पहिल्या पानापासून रडत होती. काकाच्या घरी राहते, चुलती बोलते, ही रडते. पाऊस आला, रडते. मैना पिंजऱ्यात दिसली, रडते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत बायकांनी तिचं नाव 'रडकी' ठेवलं होतं.

"रडकी आज काय करते?" आल्या आल्या विचारायच्या.

"खिडकीत बसली आहे."

"काल पण खिडकीतच होती. पाणी कोण भरतं त्या घरात?"

मी मागची पानं चाळली. पाणी भरणारी एक बाई होती, तिला दीड ओळ होती. ती नायिकेला निरोप देते आणि जाते. "आहे एक मोलकरीण," मी सांगितलं.

"तिचं काय होतं पुढे?"

"पुस्तकात नाही."

"नसणारच," आई म्हणाली. "तिला रडायला वेळ कुठे?"

मग आलं ते प्रकरण, ज्याच्यावर सगळ्या गाइडांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. तो तरुण लग्नाचं वचन देतो आणि तिला देवळाच्या मागून घोडागाडीत बसवून दुसऱ्या शहरात घेऊन जातो. लेखकाने इथे दीड पान हंबरडा फोडलाय. कळी कुस्करली, दीप विझला, असलं बरंच. मी गंभीर आवाज काढून वाचलं, मग बोलीत सांगितलं, की तो तिला घेऊन गेला.

बायका खूश झाल्या. एकीने चक्क "चला, सुटली" म्हटलं. दुसरी म्हणाली, "मुलगा बरा दिसतो. गाडी आणली."

मी पुस्तक बंद करायला सांगितलं आणि समजावू लागले, की नाही हो, हे वाईट झालं, हिचा सत्यानाश झाला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्याकडे पोरगी पोरासोबत निघून गेली की गावात दोन दिवस आरडाओरडा होतो, मग पंच बसतात, मुलाच्या घरून देज ठरतं, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं ते, आणि जेवण होतं. लग्नाचा मांडव पुढे जमेल तेव्हा घालतात. कधी कधी लेकरं मोठी झाल्यावर आईबापांच्या अंगाला हळद लागते. निम्म्या पथारीचा संसार असाच सुरू झालेला. तेव्हा त्या धरून चालल्या की आता पुढच्या प्रकरणात पंच बसतील.

चार दिवस त्या पंचांची वाट बघत होत्या.

"बसले का?"

"नाही अजून. तो तिला सोडून गावी गेला आहे."

"गेला असेल बापाला आणायला."

तो बापाला आणायला गेला नव्हता. तो परत आलाच नाही. रडकी काकाच्या दारात गेली, दार उघडलं नाही. मैत्रिणीच्या दारात गेली, तिथेही तेच. देखरेखीच्या बाईंना हे सहन होईना. "आसा काय मानसं शेतस? दार तरी उघडा. आनि हाई तरी काही काम काबर नई करस? हातपाय शेतस ना तिले?"

"तिला येतं काय?" आमच्या गावाकडची एक म्हातारी होती, पथारीवर सगळ्यांत जुनी, सगळ्या तिला आजी म्हणायच्या. तिने विचारलं.

"भरतकाम येतं. कविता वाचता येतात."

"म्हणजे बोटं बारीक असतील. देठ चांगले खुडेल. इकडे पाठवा."

हशा पिकला. आजी हसली नाही. ती विचार करत होती. "तिचा मामा कुठे आहे?"

"मामा नाही तिला."

"असं कसं? आईला भाऊ नव्हता?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही, आजी."

"मग लिहिणाऱ्याने मारला असेल," आजी म्हणाली आणि पुढची मिरची उचलली.

मी वाचायची थांबले. आईने पान उलटायला धरलं होतं, ते तिने सोडून दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी रात्रीची वाट न बघता तिथेच, तेलकट हाताने, हजेरीच्या कोऱ्या पावतीमागे लिहून ठेवलं: आई नाही, बाप नाही, मामा नाही, मावशी नाही, हाताला काम नाही, पंच नाहीत, पाणी भरणारीला दीड ओळ. असहाय मुलगी रंगवायची तर आधी तिच्याभोवतीची माणसं एकेक करून उचलून बाजूला ठेवावी लागतात. तेवढं काम लेखकाने पहिल्या वीस पानांत उरकलं होतं, आणि मग तो स्वतःच विचारत होता, हाय रे दैवा, हिला कोणी कसं नाही?

हे वाक्य माझं होतं. कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं. मी वसतिगृहात गेले ती जवळजवळ पळतच. आठ दिवसांत तीस पानं लिहिली. आमच्या बायका किती शहाण्या आणि तो लेखक किती पोकळ, असा सूर होता त्यात. मला ते फार आवडलं होतं. आपल्या माणसांचा अभिमान लिहिताना हात थांबत नाही.

उरलेलं पुस्तक वाचणं चालू होतं. एका दुपारी मी उत्साहाने सगळ्यांना सांगत होते, की बघा, तुमच्यापैकी कोणाचं असं झालं नसतं, कारण आपल्याकडे मामा असतो, पंच असतात. रांगेच्या टोकाला एक माझ्याच वयाची बसायची. तान्ह्या मुलीला झोळीत निजवून काम करायची, फारसं बोलायची नाही. पथारीवर सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी असतं, म्हणून कोणाचं पाणी कशाचं ते कळत नाही. ती मान वर न करता म्हणाली, "मला आहे मामा."

आजीने हातातली मिरची खाली ठेवली.

"ऊसतोडीला गेलो होतो. तिथून हिचा बाप दुसऱ्या टोळीबरोबर गेला. मी मामाच्या घरी गेले. मामा म्हणाला, आमच्या पसंतीने गेली होतीस का? पंच म्हणाले, तिकडच्या गावचा आहे, तिकडे जा." तिने देठ खुडला. "रडकीचं खरं आहे. दार लावून घेतात. तू वाच."

देखरेखीच्या बाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माय, तू सांगं का नई आम्हले?"

"कोणी विचारलं नाही."

मी त्या दिवशी वाचू शकले नाही. मला माझ्या तीस पानांची लाज वाटली. तीन आठवडे मी तिच्यापासून चार हातांवर बसून एका कागदावरच्या मुलीचा विचार करत होते, आणि पुस्तक सरळसरळ खोटं ठरवून मोकळी झाले होते. लेखकाने मामा मारला हे खरं. पण मामा जिवंत असून दार उघडत नाही, हेही खरं, आणि ते त्या रडक्या लेखकाला माहीत होतं. त्याच्या अश्रूंत पाणी जास्त होतं, पण मीठ अगदीच नव्हतं असं नाही.

होळीला बारा दिवस होते. मी तीस पानांतली वीस फाडली आणि पुन्हा लिहायला बसले. यावेळी दोन भाग केले. पहिल्यात लेखकाने मुलीकडून काय काय काढून घेतलं ते. दुसऱ्यात, ते सगळं असूनही जी मुलगी उंबऱ्याबाहेर राहते तिच्याबद्दल त्या कादंबऱ्यांनी काय ओळखलं होतं ते. टोकाला बसणारीला मी विचारलं, तू बोललीस ते लिहू का. ती म्हणाली, "लिही. नाव नको. रडकीचं नाव लोकांनी किती चघळलं बघितलंस ना." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. म्हणून तिथे नावं नव्हती, आणि इथेही नाहीत.

शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. रडकीला आता खोकला लागला होता, आणि मला ते टाळायचं होतं. टोकाचीच्या समोर कसं वाचायचं? मी म्हटलं, पुढचं कंटाळवाणं आहे, मी तोंडीच सांगते.

"मरते ना?" टोकाची म्हणाली.

"हो."

"मग पूर्ण वाच. आम्ही काय लहान आहोत?"

वाचलं. आईने शेवटची पानं सावकाश उलटली. रडकी मेली, पत्र लिहून मेली, पत्र चार पानांचं होतं. कोणी रडलं नाही. आजी म्हणाली, खोकला लागला तेव्हाच कळलं होतं. मिरची न्यायला ट्रक आला होता. देखरेखीची बाई उठली, लुगडं झटकलं. "मरी गयी बिचारी. आते उठा, गाडी उनी."

त्याच आठवड्यात बाजाराच्या सुट्टीला आजी, आई आणि आणखी दोघी टोकाचीच्या मामाच्या गावी जाऊन आल्या. काय बोलल्या ते मला पूर्ण कोणी सांगितलं नाही. आई एवढंच म्हणाली, "आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो. पाणी दिलं तरी प्यायलो नाही." होळीच्या आदल्या दिवशी मामा पथारीवर आला, खाली मान घालून, आणि झोळी स्वतःच्या खांद्याला घेऊन भाचीला घरी घेऊन गेला. नवऱ्याचा पत्ता लागला नाही. पण पंच बसले, आणि शिमगा तिने घरी केला.

मी लघुप्रबंध वेळेत दिला. मॅडमनी यावेळी तीन दिवस घेतले. परत देताना म्हणाल्या, "आता मला भांडता येईल तुझ्याशी." आणि भांडल्याही, दुसऱ्या भागावर तासभर. दोन ठिकाणी मी माघार घेतली, एका ठिकाणी घेतली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले होते. चष्मा कपाळावर, चहा पुढ्यात. त्यांनी मधलंच पान उघडलं.

"या पथारीवरच्या बायका... हा संदर्भ कुठल्या ग्रंथातला?"

"ग्रंथातला नाही, सर. माझ्या आईच्या कामावरच्या आहेत."

"म्हणजे अशिक्षित वाचक?"

"वाचक मी होते, सर. त्या ऐकणाऱ्या. त्यांनी मी सोडून दिलेले प्रश्न विचारले."

"आणि तुमचं मत काय? अशा कादंबऱ्या आज वाचाव्यात का?"

"वाचाव्यात. मोठ्याने, आणि चार जणींत. एकटीने वाचलं की नुसतं रडू येतं. चौघींत वाचलं की कोणीतरी विचारतं, पाणी कोण भरतं."

ते थोडं हसले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. सरांनी आणखी दोन प्रश्न विचारले, एकाचं उत्तर मला आलं नाही, मी तसं सांगितलं. मग ते म्हणाले, "या तुम्ही."

जूनमध्ये निकाल लागला. मी एम.ए. पास झाले, लघुप्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. त्याच महिन्यात धाकटीने नर्सिंगला प्रवेश घेतला. आमच्या पाड्यातली मी पहिली एम.ए.